नाकावर दोन बोटं

वांगी तोलता तोलता त्यांचा डावा हात मध्येच वर जायचा. दोन बोटं नाकाच्या दोन्ही अंगांना लागायची आणि तिथलं काहीतरी अलगद वर सरकवायची. तिथं काहीच नसायचं. चष्मा त्यांनी जन्मात लावला नव्हता. नवं गिऱ्हाईक चमकून पाही. जुनं गिऱ्हाईक म्हणे, "भाऊ, आज बजार हाये, पिक्चर नाई." मग ते हसून हात खाली घेत. "हाताले काय समजते बाप्पा, तो दुकानावर हाये का घोडीवर हाये."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एखादा शिंपी टाचण्या नसतानाही ओठ मिटून बोलतो. एखादा गाडीवान घरात पाटावर बसूनही जीभ टाळ्याला लावून चक्‌चक्‌ करतो. काम संपतं, पण अंगातून जात नाही. यांचं काम असं होतं की ते एका टुरिंग टॉकीजचे नकाबपोश होते. वऱ्हाडातली पोरं त्यांना नकाब्या म्हणत. आम्ही तंबूतले लोक भाऊ म्हणायचो.

तंबू अकोल्याच्या एका मालकाचा. पन्नासचं दशक सरत आलेलं. दिवाळी झाली की तंबू निघायचा आणि मूर्तिजापूर, चांदूर बाजार, तेल्हारा अशा बाजाराच्या गावांतून फिरत पावसाच्या तोंडाशी परत यायचा. आमच्याकडे बहुतेक मारामारीचीच चित्रं असत. त्यातलं एक लोकांना भारी आवडायचं. काळा झगा घातलेला, डोळ्यांपुरती भोकं ठेवून तोंडभर काळा नकाब बांधलेला स्वार घोड्यावरून येतो, गरिबाला लुटणाऱ्याला चाबकाने झोडतो आणि निघून जातो. शेवटच्या रिळात तो नकाब काढतो.

त्या चित्राची जाहिरात करायला भाऊ नकाब बांधून घोडीवरून बाजारात फिरत. एरवी ते माळी. अकोल्याबाहेर त्यांचा मळा होता. पावसाळ्यात मळा, उघाडीत घोडी.

मी वेंगुर्ल्याकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. लांबच्या मामाच्या ओळखीने वऱ्हाडात आलो, काही वर्षं जिनात कापूस ओढला, छातीत धुरळा बसला तेव्हा तंबूत चित्र दाखवायच्या मशीनवर लागलो. चांगला बाविशीचा होतो, पण जिवाला थारा नव्हता. रीळ तुटेल, मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी विझेल, विजेचं इंजिन बसेल आणि मालक म्हणतील, जा घरी. घरी जाऊन करायचं काय हे मला माहीत नव्हतं. दिवसभर ही एकच भीती असे, आणि इतकी रोजची झाली होती की ती भीती आहे हेही कधीकधी विसरायचो. हातपाय चालायचे. बाकी काही चालत नव्हतं.

तंबूतल्या पहिल्या दुपारी मी मशीनच्या गाडीखाली सावलीत बसलो होतो. भाऊ समोर उकिडवे बसले.

"जेवला काय?"

"भूक नाही."

"काहून? कोकणात भुका लागत नाई का?"

त्यांनी फडकं सोडलं, भाकरी मोडली, अर्ध्या भाकरीवर वांग्याची भाजी घातली आणि माझ्या हातावर ठेवली. "घे. लाजू नोको. तोंड वाळून गेलं तुयं." घर सोडल्यापासून मी जेवलो की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यासाठी मी त्या माणसाचा आजही ऋणी आहे, आणि हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

भाऊंचा चेहरा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लहानपणी देवी आल्या होत्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत वण. नाक बसकं, रंग काळाभोर, उंची बेताची. पडद्यावरचा नायक गोरापान, कुरळ्या केसांचा, धारदार नाकाचा. नकाब अकोल्याच्या शिंप्याने पोस्टर समोर ठेवून शिवला होता. त्याने माप घेतलं पोस्टरमधल्या नाकाचं. भाऊंच्या नाकावर तो टिकेना. नाडी कितीही आवळली तरी घोडीच्या दर हिसक्याला नकाब खाली घसरायचा आणि भाऊंना तो दोन बोटांनी वर सरकवावा लागायचा.

"दुसरा शिवून घ्या ना," मी म्हणायचो.

"राहू दे. तोंडाचं काय घेऊन बसला? झाकलेलंच तं हाये."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. कुणी काळे म्हटलं, ठेंगणे म्हटलं, वणांवरून बोललं, की तोंडाचं काय घेऊन बसला. पण एकदा घोडीला पाणी पाजताना ते म्हणाले, "माह्या तोंडाले पाहून पोट्टे पयत होते. बायकोनंही अंतरपाट सरकला तवा डोये मिटून घेतले होते, तिनंच सांगतलं मले. आता फडकं बांधलं का तेच पोट्टे माह्या मांगं पयते." एवढं बोलून ते घोडीची आयाळ विंचरू लागले. नंतर हा विषय त्यांनी काढला नाही. मला मात्र तेव्हा समजलं की उन्हात, धुळीत, त्या झग्यात हा माणूस घामाने निथळत का फिरतो.

चित्रातला घोडा काळा आणि उंच. आमची घोडी मळकट पांढरी, पोट सुटलेली, भजी दिसली की थांबणारी. गंमत अशी की घोडीबद्दल कुणी कधी तक्रार केली नाही.

पोरांनी भाऊंच्या बोटांचा अर्थ लावून ठेवला होता. नकाब्याचा हात नाकावर गेला की चोर दिसला असं समजायचं. हे कुणी सुरू केलं माहीत नाही. या बाजारातून त्या बाजारात गेलं आणि तंबूच्या आधी गावात पोचू लागलं. भाऊ रस्त्याने निघाले की मागे पोरांचा घोळका, सगळ्यांचे डोळे त्यांच्या डाव्या हातावर. बोटं वर गेली की एकच ओरडा, "केलं! केलं!" आणि जवळ जो कुणी उभा असेल तो गडबडून आपली पिशवी, आपला खिसा चाचपायचा.

चांदूर बाजारला एका म्हातारीने घोडीचा लगाम धरला. "बाबू, तो किराणेवाला मले दरखेपी दायीत मारते. तू सांग त्याले." नकाब बांधल्यावर भाऊ बोलतच नसत. चित्रातला स्वार झोकदार हिंदी बोलायचा. यांनी तोंड उघडलं असतं तर वऱ्हाडी निघालं असतं. त्यांनी घोडी त्या दुकानापुढे नेऊन उभी केली, आणि तेवढ्यात नकाब घसरला. दोन बोटं वर गेली. पोरं ओरडली. दुकानदाराने कुणाकडे न पाहता म्हातारीची डाळ परत पारड्यात ओतली आणि वरून मूठभर टाकली.

संध्याकाळी भाऊ झगा वाळत घालताना मला म्हणाले, "मी काईच नाई केलं बावा. नकाबच खाली आला होता." पण चेहऱ्यावर असं काही होतं की मी मशीन पुसायचं सोडून बघत राहिलो.

अडचण होती शेवटच्या रिळाची. पडद्यावरचा स्वार नकाब काढतो आणि एक गोरा, अनोळखी माणूस गालाला खळी पाडून हसतो. मुंबईत त्या जागी टाळ्या पडत असतील. आमच्याकडे लोक गप्प व्हायचे. मूर्तिजापूरला एका बाईने शेजारणीला विचारलेलं मी मशीनवरून ऐकलं, "हा कोन व माय? आपला कुठी गेला?" चित्रभर त्या स्वाराने एकदाही नाकाला बोटं लावली नाहीत, हेही पोरांच्या ध्यानात आलं होतं.

तेल्हाऱ्याला मात्र सगळं उघड्यावर आलं. बाजाराचा दिवस, तंबू गच्च भरलेला. नकाब निघाला, खळी पडली, आणि पुढे जमिनीवर बसलेल्यांतून एक पोरगा ताडकन उठला. "हा खोटा हाये! आमचा दाखवा!" मग बायका, बापे, सगळेच उठले. माणूस बदलला, फसवणूक केली, असा गलका. कुणीतरी कनातीचा दोर सोडला. मशीन बंद करावं की चालू ठेवावं ते सुचेना.

भाऊ बाहेर घोडीला दाणा घालत होते. मालक धावत गेले. भाऊंनी झगा चढवला, नकाब बांधला आणि घोडी थेट पडद्यापुढे आणून उभी केली. मशीनचा उजेड त्यांच्यावर, मागे पडद्यावर गोऱ्या नायकाचा गाल अन्‌ त्यावर घोडीचे कान. "तोंड दाखवा!" मागून कुणी ओरडलं. भाऊ हलले नाहीत. मग त्यांनी सावकाश दोन बोटांनी नकाब वर सरकवला.

अशा टाळ्या त्या तंबूत मी पुन्हा ऐकल्या नाहीत. लोक हसत हसत घरी गेले.

त्या दिवशी नेमका अमरावतीहून वितरकाचा माणूस आला होता. ज्यांच्याकडून आम्ही रिळं आणत असू, त्यांचा. तो खुर्चीवर बसून हे पाहत होता. "पडद्यावरच्या हिरोला हुर्यो आणि तुमच्या माळ्याला टाळ्या? हे काय चालवलंय? हिरो असा असतो का?"

"साहेब," भाऊ म्हणाले, "तोंडाचं काय घेऊन बसले? झाकलेलंच..."

"तू गप." त्याने मालकांना बजावलं, नायकासारखा दिसणारा पोरगा घोडीवर बसवा. चित्र संपलं की त्याने पडद्यापुढे येऊन नकाब काढायचा, म्हणजे तोच तो म्हणून लोकांची खात्री पटेल. नाही जमलं तर पुढचं रीळ मिळणार नाही.

रीळ नाही म्हणजे तंबू नाही. मालक भाऊंकडे न बघता घोडीकडे बघत बोलले. "भाऊ, माह्या हातात नाई."

"मले समजते मालक." त्यांनी नकाबाची घडी घालून मालकांच्या हातात दिली. घडी घालताना एकदा उलगडून पुन्हा घातली.

अमरावतीच्या आखाड्यातला एक पोरगा आणला. कॉलेजात जाणारा, गोरा, उंच, हसला की खळी. वाईट नव्हता. आल्या आल्या भाऊंच्या पाया पडला. त्याला घोडीवर बसायला भाऊंनीच शिकवलं. "तिले लाथ नोको मारू. ती आपल्या मतानं चालते, तू फक्त तुयंच मत हाये असं दाखव." पोरगा हसायचा. त्याच्यासाठी नवा नकाब शिवला. तो त्याच्या नाकावर मापात बसला.

पहिला बाजार चांदूरचा. पोरगा निघाला, ताठ, रुबाबदार. पोरं मागे लागली, डोळे त्याच्या डाव्या हातावर. बाजाराच्या अर्ध्यापर्यंत ती वाट पाहत चालली. हात लगामावरच राहिला. "करत काऊन नाई हा?" एकाने विचारलं. "कारन हा तो नव्हेच." मग पहिलं ढेकूळ आलं, मग दुसरं. "खोटा नकाब्या! खोटा नकाब्या!" पोरगा खाली वाकून निसटला, पण एक दगड घोडीच्या कानाला लागला. त्या दिवशी चित्राला कुणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे तंबूच्या सावलीत बसलो होतो. मालक म्हणत होते, जुना ठेवला तर अमरावतीवाला रीळ देत नाही, नवा ठेवला तर लोक येत नाहीत, तंबू विकून मोकळा होतो. मी घरी काय सांगायचं त्याची वाक्यं मनात जुळवत होतो. ती जुळत नव्हती.

भाऊ घोडीच्या कानाला हळद लावत होते. लावून झाली, हात झग्याला पुसायची सवय म्हणून मांडीवर चाचपलं. झगा नव्हता. धोतराला पुसले.

"पोट्ट्या, इकडं ये."

तो आला.

"नाकावर हात ने मधामधात."

"काका, माझा नकाब घट्ट आहे. सरकत नाही."

"सरकत नसला तरी ने. डावा. दोन बोटं, अशी." त्यांनी स्वतः करून दाखवलं. "घाई नोको करू. आधी कोनाकडं तरी पाह्य. मंग सरकव. मंग काई झालंच नाई असा पुढं निंघ." पोरग्याने केलं. "नाई. तू माशी हाकलून राहिला. पुन्हा कर." त्याने पुन्हा केलं. भाऊंनी त्याचा हात धरून बोटं नाकावर टेकवली, कोपर जरा खाली घेतलं. "आता झालं."

मालक म्हणाले, "भाऊ, हे तुमचं..."

"माहं काय हाये त्यात मालक? नाक माहं बसकं म्हून हात जाये. याचं चांगलं हाये, त्याले मुद्दाम न्या लागन." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "अन्‌ हा इतक्या दूरून आला. तंबू उठला तं कुठी जाईन हा?"

त्या वेळी माझ्या मनात काही उसळायला हवं होतं. उसळलं नाही. मी मान खाली घालून कार्बनच्या कांड्या पुसत राहिलो. आधीच पुसलेल्या होत्या.

दुसऱ्या गावच्या बाजारात पोरगा निघाला. धान्यवाल्यांच्या ओळीपाशी त्याने एकाकडे पाहिलं, थांबला, आणि डावा हात वर नेला. दोन बोटं. क्षणभर काही नाही. मग, "केलं! केलं! नकाब्या आला!" सगळा बाजार वळला. मी जाहिरातीचा कर्णा घेऊन मागे होतो. एका दुकानाच्या सावलीला भाऊ उभे दिसले. उघडा चेहरा, काखेत घोडीसाठी कडब्याची पेंढी. एका पोराने त्यांना कोपराने ढोसलं. "बाजूले व्हा ना बुढेबाबा, नकाब्या दिसून नाई राहिला."

ते बाजूला झाले. पेंढी पोराच्या अंगाला लागू नये म्हणून दुसऱ्या काखेत घेतली.

संध्याकाळी चित्र संपल्यावर पोरगा पडद्यापुढे आला, आधी नाकाला बोटं लावली, मग नकाब काढला. टाळ्या झाल्या. तेल्हाऱ्याइतक्या नव्हे, पण झाल्या. अमरावतीवाल्याचं समाधान झालं. तंबू चालला, माझी नोकरी राहिली.

"भाऊ, वाईट वाटलं का?" मी जेवताना विचारलं.

"कायले? नकाब्या चालून राहिला ना? तोंडाचं काय घेऊन बसला." त्यांनी भाकरी मोडली, अर्धी मला दिली.

त्यानंतर त्यांचा हात नाकावर गेला नाही. मी लक्ष ठेवून होतो. जेवताना, घोडीला खरारा करताना, पावसाळ्यात अकोल्याच्या बाजारात वांगी तोलताना. तराजू धरलेला हात तिथंच असायचा आणि दुसरा गुडघ्यावर. जुनं गिऱ्हाईक म्हणे, "भाऊ, आज पिक्चर नाई का?" ते म्हणत, "नाई बाप्पा, आज बजार हाये." पुढच्या मोसमात ते तंबूबरोबर आले नाहीत. मळ्यात काम आहे म्हणाले.

नंतर मालकांनी तंबू विकला आणि मी अकोल्यात पक्क्या थिएटरात ऑपरेटर झालो. मशीनवरचं काम येत होतं म्हणून जागा मिळाली. एका पावसाळ्याच्या शेवटी भाजीबाजारात गेलो तर भाऊंच्या जागी त्यांची बायको बसली होती. मला पाहून तिने पदर सारखा केला.

"गेले," म्हणाली. "तापाचं निमित्त झालं."

मी नुसती पिशवी पुढे केली. तिने तीत वांगी टाकली आणि विचारलं, "जेवले काय तुमी?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

साठच्या दशकातलं मधलं एखादं वर्ष असेल. थिएटरच्या कामाने तेल्हाऱ्याला जाणं झालं. बाजार होता. जुन्या तंबूच्या मैदानात पोरं खेळत होती. एकाने छत्रीच्या काळ्या कापडाचा नकाब केला होता, डोळ्यांपुरती भोकं, मागे घट्ट गाठ. काठीचा घोडा. तो धावत आला, थांबला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि डावा हात वर नेला. दोन बोटं. सावकाश. कोपर खाली.

नकाब जागचा हलला नव्हता.

"हे काय केलं रे?" मी विचारलं.

"नकाब्या असाच करते."

"तू पाहिलास त्याला?"

"पिक्चरमधी हाये ना तो," पोरगा म्हणाला आणि काठी उडवत निघून गेला.

ते चित्र मी इतक्या गावांत चालवलं की त्यातला कुठला तुकडा कुठे जोडलाय हेसुद्धा मला पाठ आहे. त्यात हे कुठेच नाही. मी पोराला हाक मारली नाही. मैदानाच्या कडेला उभा राहिलो. त्याच्या मागच्या पोराने हात वर नेला, मग त्याच्या मागच्याने.